केंद्रातून लावलेली ब्राउझर-पॉलिसी लागू होत नसेल तर काय तपासावे

शाळेतील किंवा कार्यालयातील सगळ्या संगणकांसाठी क्रोमचे मुख्यपृष्ठ, बंद ठेवायची संकेतस्थळे आणि एक्स्टेन्शन एकाच जागेवरून ठरवून दिल्यावरही एखाद्या संगणकावर जुनेच पान उघडते, तेव्हा सर्व्हरवर जाऊन तीच पॉलिसी (म्हणजे ब्राउझरसाठी ठरवलेला नियम) पुन्हा पुन्हा लावण्याची घाई होते. ती टाळावी. ब्राउझरपर्यंत काय पोहोचले आणि त्याने त्याचे काय केले, हे तो स्वतःच सांगतो. म्हणून सुरुवात त्या अडलेल्या संगणकासमोर बसूनच करावी.

अॅड्रेस बारमध्ये ‘क्रोम://पॉलिसी’ हा पत्ता इंग्रजी अक्षरांत टाइप करावा. एजसाठी ‘एज://पॉलिसी’ आणि फायरफॉक्ससाठी ‘अबाउट:पॉलिसीज’ असा पत्ता आहे. क्रोमच्या तक्त्यात प्रत्येक पॉलिसीचे नाव, मूल्य, स्रोत, ती सक्तीची की शिफारशीची, आणि शेवटी तिची स्थिती दिसते. आपली पॉलिसी तेथे मुळीच नसेल, तर ती वाटेतच अडली आहे. असूनही परिणाम दिसत नसेल, तर दोष मूल्यात किंवा अटीत आहे. हा फरक आधी ठरवला, तर पुढचे निम्मे काम वाचते.

पॉलिसी पोहोचलीच नसेल, तर विंडोजच्या डोमेनमध्ये (एका सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या जाळ्यात) आधी ‘जीपीअपडेट /फोर्स’ हा आदेश चालवावा, कारण ग्रुप पॉलिसी, म्हणजे त्या सर्व्हरवरून येणारे नियम, एरवी 90 मिनिटांनी, त्यात 30 मिनिटांपर्यंतची भर पडून, ताजी होते. त्यानंतर कोणत्या पॉलिसी लागू झाल्या हे सांगणारा ‘जीपीरिझल्ट’चा अहवाल काढावा, मात्र कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडला नसेल, तर संगणकाला लागू असलेला भाग अहवालात येत नाही आणि आपली उगाच दिशाभूल होते. पॉलिसी संगणकासाठी लिहिलेली असताना ती केवळ वापरकर्त्यांच्या गटाला जोडली जाणे, ही चूक अनुभवी प्रशासकांकडूनही होते. जून 2016 च्या एमएस16-072 या सुरक्षा अपडेटनंतर वापरकर्त्याच्या पॉलिसीही संगणकाच्या ओळखीने वाचल्या जातात, त्यामुळे सुरक्षा-फिल्टर (पॉलिसी ठरावीक गटांपुरती मर्यादित करणारी सोय) लावताना संगणकांना वाचनाची परवानगी ठेवणे आवश्यक आहे.

लिनक्सवर क्रोमच्या पॉलिसी ‘/इटीसी/ऑप्ट/क्रोम/पॉलिसीज/मॅनेज्ड’ या फोल्डरमधील जेसन (ठरावीक मांडणीत माहिती लिहिण्याची पद्धत) फाइलींत असतात. तेथे वर्डमधून मजकूर चिकटवल्यामुळे आलेली वळणदार अवतरणचिन्हे, एवढ्यानेही संपूर्ण फाइल निकामी ठरते आणि त्यातील बिनचूक पॉलिसीही तक्त्यातून गायब होतात. फाइल बदलल्यावर ती जेसन तपासणाऱ्या साधनातून न चुकता पार करावी.

आता पोहोचूनही न चालणाऱ्या पॉलिसींकडे वळू. खरा वेळ येथेच जातो. क्रोम सुरू होताना ठरावीक पाने उघडावीत यासाठी ‘रिस्टोअरऑनस्टार्टअपयूआरएल्स’मध्ये पत्ते भरले जातात, पण ‘रिस्टोअरऑनस्टार्टअप’ या सोबतच्या पॉलिसीचे मूल्य 4 किंवा 6 ठेवल्याशिवाय ती यादी वापरलीच जात नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, अशी यादी एकाच ओळीत लिहून चालत नाही. पॉलिसीच्या नावाची वेगळी ‘की’ (फोल्डरसारखा कप्पा) करून तिच्यात 1, 2, 3 अशा नावांनी एकेक पत्ता द्यावा लागतो. स्थितीच्या रकान्यात पॉलिसी अनोळखी असल्याचे लिहिले असेल, तर नावाचे स्पेलिंग पाहावे आणि ते नाव जुने झाले आहे का हेही पाहावे: संकेतस्थळे अडवण्याच्या पॉलिसीला क्रोम 86 पासून ‘यूआरएलब्लॉकलिस्ट’ हे नाव आहे. शिवाय ‘यूआरएलअलाउलिस्ट’मधील पत्ता अडवण्याच्या यादीला अपवाद ठरतो, हे विसरू नये.

डोमेनबाहेरच्या, सुट्या विंडोज संगणकावर केवळ रजिस्ट्रीत लिहिलेले मुख्यपृष्ठ किंवा शोध-इंजिन क्रोम मुद्दाम स्वीकारत नाही. घातक सॉफ्टवेअर हीच वाट वापरून लोकांची मुख्यपृष्ठे बळकावत असे, त्यामुळे ही अट मला योग्यच वाटते. असा संगणक डोमेनला जोडावा किंवा गूगलच्या क्लाउड व्यवस्थापनात नोंदवावा.

एकाच पॉलिसीला दोन स्रोतांतून वेगळी मूल्ये मिळाली असतील, तर मूळ क्रमानुसार संगणकावरील ग्रुप पॉलिसी क्लाउडमधील पॉलिसीवर मात करते. मागे पडलेले मूल्य त्याच ओळीचा तपशील उघडल्यावर दिसते.

दुरुस्तीनंतर त्याच पानावरील पॉलिसी पुन्हा लोड करण्याचे बटण दाबावे. तरीही बदल दिसला नाही, तर क्रोम पूर्ण बंद करून उघडावा, आणि बंद करताना घड्याळाजवळच्या ट्रेमध्ये तो मागे चालू राहिलेला नाही, याची खात्री करावी.