डेबियन पॅकेजात कॉन्फ्लिक्ट्स कधी लिहावं, ब्रेक्स कधी

डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी पॅकेज बांधता येतं आणि कंट्रोल फाइल (पॅकेजाची माहिती आणि इतर पॅकेजांशी नातं सांगणारी) ओळखीची आहे, असं धरून चालतो. कॉन्फ्लिक्ट्स म्हणजे 'आम्ही दोघं एकत्र नांदत नाही', ब्रेक्स म्हणजे 'मी आलो की ते मोडतं'; दोन्ही याच फाइलीतल्या ओळी.

दोन पॅकेजं एकच फाइल टाकायला गेली की इन्स्टॉल एरर देऊन अडतं. आधी भांडण कशावरून ते बघा. एररमधला फाइलीचा पत्ता 'डीपीकेजी -एस'ला (डीपीकेजी म्हणजे पॅकेज चढवणारी कमांड, एस कॅपिटल) दिलात की मालक पॅकेज कळतं. 'फोर्स-ओव्हरराइट मारा (म्हणजे दुसऱ्याच्या फाइलीवर जबरदस्तीने लिहा), चालतं' असं सांगणारे भेटतील. चालतं, पण फक्त तुमच्या मशीनवर.

दोन्ही पॅकेजं तीच फाइल कायम पुरवणार असतील, तर कॉन्फ्लिक्ट्स. मेल सर्व्हरचं तसंच: पोस्टफिक्स आणि एक्झिम दोघंही 'मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट' हे आभासी नाव प्रोव्हाइड्समध्ये ('हे काम मी करतो' सांगणारी ओळ) देतात आणि त्याच नावाला कॉन्फ्लिक्ट्स, रिप्लेसेस ('त्याच्या जागी मी' सांगणारी ओळ) लावतात. तेच नाव स्वतः देत असलं तरी पॅकेजाचं स्वतःशीच वाजत नाही, काळजी नको.

खरी गोची फाइल एका पॅकेजातून दुसऱ्यात हलवताना. समजा, मालवण-वेंगुर्ल्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं 'भरती' पॅकेज तुम्ही २.०-१ पासून फोडलंत आणि तक्ते 'भरती-डेटा'त टाकलेत. मग 'भरती-डेटा'च्या नोंदीत या दोन्ही ओळी हव्यातच:

ब्रेक्स: भरती (<< २.०-१~)
रिप्लेसेस: भरती (<< २.०-१~)

नुसतं रिप्लेसेस लिहून मोकळे होऊ नका. इन्स्टॉल बिनबोभाट होतं, तिथेच लोक फसतात. जुनं भरती तसंच राहिलं आणि पुढे कुणी भरती-डेटा काढलं, की तक्तेही गेले. भरती मात्र 'इन्स्टॉल्ड' म्हणून मिरवत बसतं. पावसाळ्यात आमच्याकडे ना लाइटीचा भरवसा ना नेटचा, त्यामुळे अर्धवट अपग्रेड झालेली मशीनं नेहमीचीच. ब्रेक्स असलं की जुनं भरती डीकॉन्फिगर झाल्याशिवाय (म्हणजे 'वापरायला तयार नाही' अशी त्याची नोंद झाल्याशिवाय) नवं अनपॅकच होत नाही.

इथे कॉन्फ्लिक्ट्स लिहू नका. जुन्याचं अपग्रेड किंवा हकालपट्टी पूर्ण होईस्तोवर ते नव्याला ताटकळत ठेवतं, आणि क्रम लावताना ॲप्टची (कुठलं पॅकेज आधी चढवायचं ते ठरवणाऱ्या कमांडची) उगाच कोंडी होते.

आता चिन्हं. '<<' दुहेरीच हवं. एकेरीचा जुना अर्थ 'लहान किंवा समान', नव्या पॅकेजात ते चालत नाही. आकडा फाइल हलवली त्या आवृत्तीचा, पुढे २.४ आली तरी तोच. शेवटची '~' लोक गाळतात. बॅकपोर्टची (जुन्या डेबियनसाठी पुन्हा बांधलेली) २.०-१~बीपीओ ही २.०-१ पेक्षा लहान धरली जाते. '~' नसेल तर चांगली आवृत्तीही मोडीत निघते.

तपासायला जुनं भरती इन्स्टॉल करा आणि त्यावर एकटं भरती-डेटा 'डीपीकेजी -आय'ने चढवून बघा. 'भरती मोडेल, डीकॉन्फिगर करायची परवानगी नाही' असं म्हणत ते अडलं, तर ओळी बरोबर आहेत.