वस्तीची भिंत रंगवताय? या चुका टाळा

सिंहस्थ जवळ आला की नाशिकच्या भिंतींवर रंग चढू लागतात, आणि त्याच त्या चुकाही दिसू लागतात. भद्रकाली, दूध बाजार, चौक मंडई भागात ‘सगळ्या समाजांचं चित्र’ काढायला मुलं उत्साहाने येतात. त्यांचं येणं मला मनापासून आवडतं. पण पहिल्याच दिवशी रंगाचे डबे उघडले की माझा जीव खालीवर होतो.

ओल्या भिंतीवर रंग

जुन्या नाशकातल्या बऱ्याच भिंती विटा-चुन्याच्या आहेत. पायाशी गटार असतं, त्याची ओल वर चढते आणि सोबत क्षार आणते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, फुलतात आणि रंगाला आतून ढकलतात. यालाच आपण खार फुटणं म्हणतो. त्यावर ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पापुद्रे हातात येतात. प्रायमरचा आणखी एक हात दिल्याने हे थांबत नाही. दुकानदार काहीही सांगो.

मी भिंत पावसाळ्यातच बघून ठेवतो: पाणी कुठून ओघळतं, शेवाळ कुठे धरतं. रंगाचं काम दिवाळीनंतर. त्याआधी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवायचा. आतून घाम धरला तर थांबायचं. बोटाने ठोकून बघायचं. पोकळ वाजलं तर तेवढा गिलावा काढायचा. खार तारेच्या ब्रशने कोरडाच घासायचा, धुवायचा नाही, कारण पाण्याने तो विरघळून परत आत जातो. खालचे दोन-तीन फूट मी चित्रात घेतच नाही, तिथे साधा चुना देतो. चुन्यातून ओल बाहेर पडू शकते. नवं सिमेंट प्लॅस्टर असेल तर किमान 28 दिवस हात लावायचा नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा 10 अंशांच्या खाली जातो आणि तेवढ्या थंडीत इमल्शन (पाण्यात कालवायचा रंग) नीट धरत नाही. म्हणून ऊन भिंतीवर आल्यावर सुरुवात आणि चारच्या सुमारास ब्रश धुवायला. ‘तीन दिवसांत उरकू’ म्हणणाऱ्यांनी कॅनव्हासवर काम करावं.

न वाचता उतरवलेली अक्षरं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. एका गल्लीत मोहल्ल्याचं नाव मराठी आणि उर्दूत लिहायचं ठरलं. मुलांनी उर्दू मजकूर मोबाइलवरून उचलून डिझाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. त्या सॉफ्टवेअरला उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी कळत नव्हती. अक्षरं सुटी झाली आणि क्रमही उलटा झाला. रात्री प्रोजेक्टर लावून बाह्यरेषा काढल्या, दुसऱ्या दिवशी सोनेरी किनारीसकट रंगवून मोकळे. संध्याकाळी नमाजहून परतणारे एक वयस्कर चाचा भिंतीसमोर थांबले. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, “बेटा, ये क्या लिखा है?” मुलगा म्हणाला, “चाचा, दूर से देखो, मस्त दिखता है.” चाचा काही बोलले नाहीत, निघून गेले. ज्यांच्या मानासाठी ती भिंत रंगवली, त्यांच्यासाठी त्यांची लिपी नुसती नक्षी झाली होती. अखेर तेवढा भाग खरवडावा लागला आणि त्या जागचा डाग लपला नाही.

देवनागरीचंही तेच. ऱ्हस्व वेलांटी (‘ि’) अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, आणि रंगवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मी भिंतीवर फॉन्ट वापरत नाही. ती लिपी रोज लिहिणाऱ्या माणसाकडून, मग ते मदरशातले शिक्षक असोत की जुने पाटी रंगवणारे पेंटर, कागदावर हाताने लिहून घेतो, चौकटी आखून मोठं करतो आणि रंगवण्याआधी गल्लीतल्या दोघांकडून मोठ्याने वाचून घेतो.

कुठल्याही शहराचं चित्र

मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा एका ओळीत आणि खाली गुंफलेले हात. हे चित्र भोपाळलाही चालेल. नाशकात तांबट आळी आहे, रंगपंचमीला उघडणाऱ्या पेशवेकालीन रहाडी (जमिनीतले रंगाचे हौद) आहेत. शरणपूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा दिला होता. तिथे शिकलेला जेकब वेनराइट 1874 मध्ये आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत इंग्लंडला पोचला. त्याच्यावर रंगवलेली भिंत मी तरी अजून पाहिलेली नाही. आठवडाभर चहाच्या टपरीवर बसून लोकांचं ऐका; इंटरनेटवरचे नमुने नंतर बघा.

परवानगी लेखीच घ्या, आणि मालकाची. भाडेकरूची मान हलली म्हणजे परवानगी नव्हे. विद्रूपीकरणाविरुद्ध 1995 चा राज्याचा कायदा आहे. वाड्याचं कोरीव लाकूड आणि काळ्या पाषाणाचं बांधकाम रंगवूच नका.

पश्चिमेच्या भिंतीवर स्वस्त लाल-पिवळे लवकर उडतात. तिथे गेरू, हिरमुजीसारखे लोहयुक्त रंग टिकतात.

माणसांचे चेहरे गाड्या लावतात त्या उंचीवर काढू नका.

परांचीवरून दर तासाला खाली उतरून रस्त्यापलीकडून बघा.

प्रत्येक रंगाचा छोटा डबा, वर नाव आणि मिश्रण लिहून, समोरच्या दुकानदाराकडे ठेवा. पुढच्या दिवाळीआधी डागडुजी लागणारच आहे, आणि तीच छटा पुन्हा जुळवणं फार कठीण जातं.