गाडी कण्हतेय? आधी बोनेट उघडू नका

आमच्या २००७ सालच्या पेट्रोल हॅचबॅकमधून एका हिवाळ्यात आवाज यायला लागला. शेजारच्या घरात मिक्सर चालू असावा तसा बारीक, ताणलेला ‘कूंऽऽ’. सकाळी जास्त, ऑफिसला पोचेपर्यंत कमी. पहिल्या गॅरेजने बेल्ट बदलला. दुसऱ्याने ‘डायनामो गेलाय’ म्हणत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारं यंत्र, उतरवला, बेअरिंगं बदलली. आवाज होता तिथेच. एवढा खर्च झाला, पण गाडीत बसून दहा मिनिटं नुसतं ऐकायचं काम कोणीच केलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

आवाज कुठून येतो, हे सुरुवातीला शोधूच नका. पत्रा आवाज वाहून नेतो. मागच्या चाकाचा आवाज डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटतो आणि भलतीकडेच खोलाखोली होते. आधी एवढंच बघायचं की आवाज कोणाच्या तालावर चालतो: इंजिनाच्या, चाकांच्या की विजेच्या.

सुरावरूनही थोडं कळतं. ताशी ६० किलोमीटरला लहान गाडीचं चाक सेकंदाला साधारण १० फेरे घेतं. अल्टरनेटरची छोटी पुली तेव्हा सेकंदाला पाऊणशे-शंभर फेरे मारत असते. म्हणून चाकाचं बेअरिंग बहुधा घूंऽघूं करतं आणि बेल्टवर फिरणारी मंडळी कूंऽऽ करतात. दर वेळी हे खरं ठरेलच असं नाही, पण अंदाजाला पुरतं.

१. गाडी उभी ठेवून

जागा मोकळी हवी. बंद गॅरेजमध्ये धूर कोंडतो. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये, रेडिओ आणि एसी बंद, आणि इंजिन रात्रभर थंड झालेलं असतानाच स्टार्ट करा. आता अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबा आणि सोडा. आवाज इंजिनाबरोबर चढत-उतरत असेल तर चाकं, टायर, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) सगळे संशयातून सुटले. अर्धी यादी तिथेच संपली. उभ्या गाडीत आवाज आलाच नाही, तर थेट तिसऱ्या पायरीवर जा.

आवाज आला तर एकेका भागावर ओझं टाकून बघायचं. एसी लावा. लावताक्षणी आवाज बदलला तर कॉम्प्रेसरकडे बोट जातं. एसी बंद करून हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावा. सूर जड झाला तर अल्टरनेटर. मग क्लच. न्यूट्रलमध्ये पाय क्लचवर नसताना आवाज येतो आणि पेडल पूर्ण दाबलं की थांबतो, असं असेल तर गिअरबॉक्सच्या आतलं, इनपुट शाफ्टचं (इंजिनाची ताकद आत नेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. उलट, दाबल्यावरच आवाज येत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं. ही चाचणी फुकट आहे आणि गिअरबॉक्स उतरवायचा की नाही हे तिच्यावर ठरतं, तेव्हा दोनचार वेळा करून खात्री करून घ्या.

शेवटी स्टिअरिंग. सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. टोकाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, पंपावर फार ताण येतो. फिरवताना आवाज वाढला तर पॉवर स्टिअरिंगचा पंप किंवा त्याचं तेल. गाडीचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक असेल तर बोनेटखाली तेलाची डबीच नसते आणि हा मुद्दा बाद.

दोन आवाज वेगळेच आहेत, ते इथेच निकालात काढा. कूंऽऽ स्पीकरमधून येत असेल, म्हणजे रेडिओ बंद केला की थांबत असेल, तर मेकॅनिककडे जाऊच नका, ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. अर्थिंग किंवा अल्टरनेटरचे डायोड बघावे लागतात. आणि आवाज मागच्या सीटखालून येत असेल तर तो बहुतेक पेट्रोलच्या पंपाचा. चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद गुणगुण येणं ठीक, इंजिन चालू असताना ती सतत ऐकू येत राहणं ठीक नाही. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. सीएनजीवर गाडी चालवणाऱ्या बऱ्याच जणांच्या टाकीत कायम तळाशीच पेट्रोल असतं, त्यांनी इकडे लक्ष द्यावं.

२. आता बोनेट

ओढणी, सैल बाही, गळ्यातली चेन आधी आवरा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो.

जुने मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हर वापरतात: टोक अल्टरनेटरच्या किंवा पंपाच्या न फिरणाऱ्या बॉडीवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. बिघडलेल्या बेअरिंगची किरकिर थेट डोक्यात ऐकू येते. नवख्याने मीटरभर रबरी पाइप घ्यावा, एक टोक कानाशी, दुसरं संशयिताजवळ, बेल्टपासून चार बोटं लांब. आवाज चीं चीं असा, ओरडल्यासारखा असेल तर चालत्या बेल्टच्या खाचांवर थोडं पाणी शिंपडा. क्षणभर थांबला तर पुली सरळ रेषेत नाहीत, वाढला तर बेल्ट सैल आहे.

तरीही कळेना, तर मेकॅनिककडून बेल्ट उतरवून इंजिन फक्त अर्धा मिनिट चालवून बघा. काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो, म्हणून जास्त नको. आवाज गेला, तर इंजिन बंद करून एकेक पुली हाताने फिरवा. चांगली पुली मुकाट फिरते, खराब झालेली बोटांना खरखर लागते. अल्टरनेटरचं बेअरिंग गेलं म्हणून अख्खा अल्टरनेटर घ्यायची गरज नसते. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो दाखवला की दुकानात मिळतं. बेल्ट काढूनही आवाज राहिला आणि टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झाकणाआडचा वेगळा बेल्ट) नुकताच बदललेला असेल, तर तो जास्त ताणून बसवला का ते विचारा.

आमच्या गाडीचं उत्तर स्टिअरिंगच्या डबीत होतं. झाकण उघडलं तर तेलावर घुसळलेल्या ताकासारखा फेस. तेलाची पातळी ठीक, खाली एक थेंब गळलेला नाही, म्हणूनच कोणाला शंका आली नव्हती. डबीतून पंपाकडे जाणारा रबरी होस कडक झाला होता आणि त्याची क्लिप सैल पडली होती. थंड, घट्ट तेल ओढताना पंप त्या फटीतून हवाही ओढायचा आणि कण्हायचा. तेल गरम होऊन पातळ झालं की शांत. होस आणि क्लिप बदलली. मग इंजिन बंद ठेवून, पुढची चाकं जॅकवर उचलून, स्टिअरिंग वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, तेव्हा कुठे सगळे बुडबुडे निघाले. तेल झाकणावर लिहिलेलंच टाका. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतलंत तर आतले रबरी सील फुगून बाद होतात.

३. रस्त्यावर

आवाज फक्त चालत्या गाडीत येत असेल तर मोकळा, सपाट, सरळ रस्ता शोधा. घाटात हे प्रयोग नकोत. ताशी ६० वर क्लच दाबून न्यूट्रल करा. इंजिन मात्र बंद करायचं नाही, ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. गाडी घरंगळत असताना आवाज तसाच राहिला तर चाकाचं बेअरिंग किंवा टायर. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की येतो आणि सोडला की जातो, असा असेल तर गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियल. आधी गिअर ऑइल तपासून घ्या. एकाच गिअरमध्ये येत असेल तर त्याच गिअरची जोडी झिजली आहे. रिव्हर्सचं कूंऽऽ मात्र मनावर घेऊ नका. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सचे दात सरळ कापलेले असतात, ते नव्या गाडीतही ओरडतात.

टायर की बेअरिंग, हे ठरवायला रस्ता बदला. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर उतरलात आणि सूर बदलला तर टायर. तळहात रबरावरून फिरवला की उंचवटे लागतील. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं, त्याला वळणं कळतात. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला तर उजवीकडचं बेअरिंग बघा. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खडखडत हललं तर ती गाडी हायवेवर नेऊ नका.

मग गॅरेजला जाताना ‘आवाज येतोय, बघा जरा’ म्हणू नका. मी आता कागदावर लिहूनच देतो: ‘थंड असताना येतो. उभ्या गाडीत, रेसबरोबर चढतो. एसीने फरक नाही. स्टिअरिंग वळवलं की वाढतो.’