शर्यतीच्या मस्टँगची तपासणी शेपटीपासून करा

पी-५१ मस्टँग हे जुनं लढाऊ विमान हवाई शर्यतीसाठी तयार होत असलं की सगळे इंजिनाभोवती गोळा होतात. तपासणी मात्र शेपटीपासून सुरू करा. पंख छाटले, ताकद वाढवली, तरी एलिव्हेटरवरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीवरचा) ट्रिम टॅब, म्हणजे स्टिकवरचा जोर हलका करणारी छोटी पट्टी, दुसऱ्या महायुद्धातल्या वेगांच्या हिशेबानेच बनलेला असतो. वेग १० टक्के वाढला की हवेचा भार २१ टक्के वाढतो. शिवाय फ्लटरचा, म्हणजे टॅब आपोआप फडफडू लागण्याचा धोका नुसत्या वेगमापकाच्या काट्यावरच्या आकड्यावरून कळत नाही. अमेरिकेत रेनोजवळ ज्या स्टेड विमानतळावर या शर्यती व्हायच्या, तो सुमारे १,५४० मीटर उंचीवर आहे. तिथे खरा वेग ताशी ८०० किमी असला तरी काटा ७५० च्या आसपासच असतो.

१६ सप्टेंबर २०११ ला रेनोच्या शर्यतीत 'गॅलपिंग घोस्ट' नावाचं मस्टँग ताशी ८२० किमीच्या आसपास धावत होतं. डाव्या टॅबचे लॉकनट पुन्हा वापरलेले होते, त्यांची पकड गेली होती आणि एका स्क्रूला थकव्याची भेग होती. टॅब फडफडला, त्याची जोडणी तुटली, नाक झटक्यात वर गेलं. भार १७ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १७ पटींच्या पुढे गेल्यावर वैमानिकाच्या हाती काही उरलंच नाही. त्याच्यासह ११ जण गेले. उजवा टॅब जागीच पक्का केलेला होता, म्हणजे ट्रिमचं सगळं काम डाव्यावर. १९९८ मध्ये 'वूडू' मस्टँगचाही डावा टॅब असाच उडाला होता. वैमानिक बेशुद्ध झाला, पण विमान वर चढत गेलं म्हणून वाचला.

म्हणून आधी एलिव्हेटर क्लँपने घट्ट धरा. टॅबच्या मागच्या कडेला डायल गेज लावा आणि कड दोन बोटांत धरून हलकेच वर-खाली करा. गेजवर दिसते ती एकूण ढिलाई. डावी-उजवी वेगळी मोजा आणि मेंटेनन्स मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून पाहा. जास्त भरली तर बिजागरी, रॉड-एंड आणि स्क्रू एकेक करून तपासा. नुसता नट आवळून आकडा खाली आणू नका, झिजलेला भाग तसाच राहतो.

इन्सर्टवाला (आत पकडीची कडी असलेला) लॉकनट काढला की फेकून द्या. बोटांनी फिरवून इन्सर्टच्या पार जात असेल, तर तो नट लॉक करतच नाही. नट सैल झाला की जोडाचा ताण जातो, स्क्रू दर फडफडीला वाकतो, आट्यांच्या मुळाशी भेग धरतो आणि टॅबची ताठरता घटते. म्हणून स्क्रूही नवेच घाला. नटाबाहेर किमान एक पूर्ण आटा दिसला पाहिजे. टॉर्क लावताना नटाचा स्वतःचा विरोध आधी मोजा आणि तो ठरलेल्या टॉर्कमध्ये मिळवा. मग नटावरून पृष्ठभागापर्यंत टॉर्क-सीलची, म्हणजे नट हलला की चिरणाऱ्या रंगाची पट्टी ओढा.

एलिव्हेटरला नवा रंग किंवा पुट्टी लावली असेल, तर पुन्हा बॅलन्स करा. बिजागरीमागे वाढलेलं थोडंसं वजनही फ्लटरला आमंत्रण देतं.

शर्यतीचा वेग पहिल्यांदा शर्यतीतच गाठणं आम्हाला अक्षम्य वाटतं. आधी जमिनीवर कंपन-चाचणी आणि जाणकार इंजिनिअरची फ्लटरची आकडेमोड व्हायला हवी. नंतर भरपूर उंचीवर, निर्जन भागावर, पॅराशूट बांधून वेग थोडाथोडा वाढवा. प्रत्येक टप्प्यावर स्टिकला हलका धक्का द्या. कंपन विरायला आधीपेक्षा वेळ लागला, तर पुढचा टप्पा नाही.

इंजिनाचा धोका वेगळा. मस्टँगचं मर्लिन इंजिन युद्धात आणीबाणीला ६७ इंच मॅनिफोल्ड प्रेशरवर (इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबावर) चालायचं, शर्यतीत ते १०० च्या वर नेतात. वॉटर-मिथेनॉलची फवारणी थांबली की डिटोनेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा स्फोट, सुरू होऊन काही क्षणांत पिस्टनला भोक पडतं. या फवारणीच्या पंपाच्या दाबाचा इशारा-दिवा वैमानिकाच्या थेट नजरेत ठेवा. तो लागला की आधी थ्रॉटल मागे, मग नाक वर. वेगाची उंची करा आणि धावपट्टीकडे वळा.

७५ अंशांच्या वळणात जवळपास ४ जी बसतात. खांद्याचे पट्टे उड्डाणाआधीच करकचून आवळा, वळणात हात मोकळा सापडत नाही.

प्रत्येक उड्डाणानंतर टॉर्चने टॉर्क-सीलच्या सगळ्या पट्ट्या बघा. एकही चिरलेली दिसली तर तो नट, तो स्क्रू आणि दुसऱ्या बाजूचा जोड, तिन्ही उघडेपर्यंत विमान हँगरमधून काढू नका.