सिस्टिम निवडायची तर आधी पुरवण्या चाळा

टेबलटॉप रोलप्लेइंगचा, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत गोष्ट खेळण्याच्या खेळाचा, नवा गट जमला की पहिली चर्चा सिस्टिमवर, म्हणजे कोणत्या नियमांनी खेळायचं यावर, रंगते. फासे कोणते, जादू कशी चालते, कॅरेक्टर बनवायला किती वेळ लागतो, वगैरे. एक प्रश्न मात्र हमखास राहून जातो: तिसऱ्या महिन्यात जीएम (खेळ चालवणारा गेम मास्टर) काय खेळवणार? दर आठवड्याला नवं साहस रचायला नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाला सवड नसते, आणि मूळ प्रकाशकाची पुस्तकं मोजकीच असतात. मधली पोकळी स्वतंत्र प्रकाशक भरून काढतात, छोटी मॉड्यूल (तयार साहसं), मॉन्स्टरची पुस्तकं, नवे क्लास (पात्रांचे प्रकार, जसे फायटर) आणि नकाशे काढून. गट वर्षभर एका सिस्टिमवर टिकतो तो बऱ्याचदा या पुरवण्यांच्या जोरावर. म्हणून महागडं नियमपुस्तक मागवण्याआधी दोन संध्याकाळी पुरवण्यांसाठी काढा.

खेळाडू पुरवण्यांमागे कसे जातात याचा ठळक दाखला पाथफाइंडर या सिस्टिमचा आहे. २००० साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स ऊर्फ डीअँडडीच्या तिसऱ्या आवृत्तीसोबत ओपन गेम लायसन्स आलं आणि त्या नियमांवर कोणालाही पुस्तक काढायची मुभा मिळाली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीला मात्र वेगळा, जाचक परवाना लावला गेला. पायझो ही कंपनी तेव्हा तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर मासिक साहसमालिका काढत होती. तिने तेच नियम दुरुस्त करून २००९ मध्ये पाथफाइंडर या नावाने आणले, आणि मालिका खेळणारे असंख्य गट तिच्यासोबत गेले.

त्यामुळे पहिलं काम परवाना पाहण्याचं. पीडीएफच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर तो छापलेला असतो. क्रिएटिव्ह कॉमन्स किंवा ओआरसी (रोलप्लेइंग खेळांसाठीचा खुला परवाना) असेल तर निर्धास्त राहा. तो दिलेल्या मजकुरापुरता मागे घेता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये ओपन गेम लायसन्स बदलण्याचा मसुदा फुटला, गदारोळ झाला, आणि महिनाअखेरीस डीअँडडीचा एसआरडी ५.१ (मूळ नियमांचा संच) क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला. ओआरसी परवानाही त्याच वर्षी आला. मॉर्क बोर्ग, मदरशिप यांच्यासारख्या सिस्टिमना स्वतःचा घरचा परवाना आहे. तो छोटा आणि उदार असल्यामुळे त्यांच्याभोवती पुरवण्यांचं मोहोळ उठलंय. डीएम्स गिल्ड या डीअँडडीच्या ऑनलाइन दुकानावरचं साहित्य वेगळं. तिथे लेखकाला निम्मी रक्कम मिळते, फरगॉटन रेल्म्स ही डीअँडडीची काल्पनिक भूमी वापरता येते, पण ते पुस्तक दुसऱ्या दुकानात सापडत नाही. जिथे परवान्याचा पत्ताच नाही, त्या सिस्टिमला पुरवण्या मिळतील असं धरून चालू नका.

मग शोध घ्या. ड्राइव्हथ्रूआरपीजी आणि इच (itch.io) या दोन ऑनलाइन दुकानांत बहुतेक सगळं सापडतं. स्वतंत्र प्रकाशक सहसा मुखपृष्ठावर डीअँडडी हे नाव घालत नाहीत, म्हणून डीअँडडीच्या पाचव्या आवृत्तीसाठी ‘फिफ्थ एडिशन’ असं शोधा. यादी किती लांब आहे याला फारसा अर्थ नाही. २००० नंतर डी२० पुस्तकांचा, म्हणजे डीअँडडीच्या तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांवरच्या पुस्तकांचा, पूर आला होता; २००३ मध्ये डीअँडडीची साडेतीन (३.५) आवृत्ती निघाली आणि आदल्या वर्षीची पुस्तकं दुकानात पडून राहिली. तेव्हा आपल्या गरजेपुरतंच मोजा. आठवड्याला तीन तासांचं सेशन धरलं तर तीन महिन्यांत बारा सेशन होतात, आणि एका सेशनमध्ये गट सहा ते आठ खोल्या किंवा प्रसंग उरकतो. म्हणजे ऐंशीच्या आसपास प्रसंग लागतील. पहिल्या ते चौथ्या लेव्हलसाठी, तुमच्या गटाच्या आवडीची, एवढे प्रसंग पुरवणारी मॉड्यूल सापडतात का? पाच-सहा चांगली मिळाली तर ती सिस्टिम पक्की धरायला हरकत नाही.

प्रत्येक मॉड्यूलचा फुकटचा नमुना उघडा आणि एका खोलीचं वर्णन मोठ्याने मराठीत सांगून बघा. आपल्याकडे टेबलावर बोलणं मराठीत आणि पुस्तक इंग्रजीत असतं. दीडशे शब्दांचा सलग इंग्रजी परिच्छेद जीएमला जागेवर मराठीत आणावा लागला की तो अडखळतो आणि खेळाडू मोबाइल काढतात. ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स या जुन्या डीअँडडीच्या नियमांवरच्या सिस्टिमच्या अधिकृत मॉड्यूलमध्ये खोली तीन-चार ठळक शब्दांत मांडलेली असते: ओल्या भिंती, जळक्या तेलाचा वास, उलटलेलं टेबल. हे बघता बघता सांगता येतं. मराठी गटासाठी मांडणीची ही कसोटी आम्ही नियमांच्या सोपेपणाच्याही वर ठेवू.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. ‘मॉड्यूल कुठल्याही सिस्टिममध्ये चालतं’ या आश्वासनावर विसंबून लोक एका सिस्टिमचं साहस दुसरीत खेळवतात. गॉब्लिनसारख्या दुबळ्या मॉन्स्टरपर्यंत ते खपून जातं. ओल्ड-स्कूल इसेन्शियल्समधल्या गॉब्लिनचे हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा) सरासरी ३, फिफ्थ एडिशनमधल्याचे (२०१४) ७. ओगर हा धिप्पाड मॉन्स्टर आला की गाडी अडते. जुन्या पद्धतीत त्याचे हिट पॉइंट सरासरी १९ आणि मार १डी१० (दहा बाजूंचा एक फासा), म्हणजे सरासरी साडेपाच. फिफ्थ एडिशनमध्ये (२०१४) त्याचे हिट पॉइंट ५९ आणि मार २डी८+४, म्हणजे १३. जुन्या मॉड्यूलमधले सहा ओगर फक्त नाव बघून नव्या नियमांत आणले तर हिट पॉइंट एकूण ३५४ होतात आणि एकाच लढाईत अख्खं सेशन संपतं. उपाय सोपा आहे: संख्या निम्मी करा, आणि जखमी झाल्यावर उरलेले पळतील का, हे फाशावर ठरवा. मोराल (धीर) तपासण्याचा हा नियम जुन्या सिस्टिममध्ये असतो, फिफ्थ एडिशनच्या साच्यात मात्र लढाई शेवटच्या जिवापर्यंत ओढली जाते.

जुन्या पुस्तकांत आर्मर क्लास, म्हणजे चिलखताचा आकडा, उलटा असतो, कमी आकडा म्हणजे चांगलं चिलखत. बी/एक्स (बेसिक-एक्सपर्ट डीअँडडी) घराण्यातला आकडा १९ मधून वजा करा, एडीअँडडीचा (अॅडव्हान्स्ड डीअँडडी) २० मधून. ओगरचा ५ असेल तर १४ झाला.

सोन्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी मोहीम) तिथेच बिघडतं. जुन्या पद्धतीत खजिना बाहेर आणला की अनुभवाचे गुण मिळतात. फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० गुण लागतात, म्हणून मॉड्यूलमध्ये सोनं ओतलेलं असतं. तिथे प्लेट चिलखत ६० सुवर्णमुद्रांना मिळतं. फिफ्थ एडिशनमध्ये त्याच चिलखताची किंमत १,५०० आहे आणि दुसऱ्या लेव्हलला ३०० गुण पुरतात. सोनं जसंच्या तसं ठेवलं तर पहिल्या साहसानंतर फायटर सर्वांत भारी चिलखत घालून हिंडेल. सगळ्या सुवर्णमुद्रा चांदीच्या करा, म्हणजे मूल्य दहाव्या हिश्श्यावर येतं, आणि लेव्हल कथेच्या टप्प्यांवर द्या. उलट दिशेने नवं साहस जुन्या नियमांत नेताना खजिना वाढवावा लागतो, नाहीतर कोणी पहिल्या लेव्हलच्या पुढे सरकतच नाही.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत बाहेरचं मॉड्यूल आणायच्या भानगडीत पडू नका. तिथे प्रशिक्षित कौशल्याच्या फाशात अख्ख्या लेव्हलचा आकडा मिळवला जातो आणि लक्ष्यापेक्षा १० ने जास्त आलं की क्रिटिकल (खास यश) होतो. मॉन्स्टरचा आर्मर क्लास ३ ने चुकला तरी हल्ला लागण्याची शक्यता १५ टक्क्यांनी सरकते आणि क्रिटिकलही त्याच प्रमाणात बदलतात. तेवढं काटेकोर गणित सांभाळणाऱ्या प्रकाशकांचीच पुस्तकं घ्या. नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर अधिकृतपणे फुकट आहेत, मॉन्स्टर तिथल्या त्याच लेव्हलच्या मॉन्स्टरशी ताडून बघा.

खेळाडू एखादा नवा क्लास किंवा सबक्लास (क्लासची पोटशाखा) घेऊन येतील. सरसकट नकार देऊ नका, मोजा. फिफ्थ एडिशनमध्ये पाचव्या लेव्हलचा फायटर, स्ट्रेंथ १८ आणि हातात लाँगसोर्ड असेल तर, दोन्ही वार लागल्यावर सरासरी १७ मार देतो. काहीही खर्च न करता दर फेरीला २५ च्या वर जाणारा सबक्लास नाकारा किंवा दिवसातून ठरावीक वेळाच वापरू द्या. एका कॅरेक्टरला एकच बाहेरची पुरवणी हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका, कारण दोन वेगवेगळ्या प्रकाशकांच्या पुस्तकांतली जोडी कोणीही तपासलेली नसते. आवृत्तीही बघा. २०१४ च्या नियमांत क्लेरिक, सॉर्सरर आणि वॉरलॉक पहिल्या लेव्हलला सबक्लास घेतात, २०२४ च्या नियमांत सगळेच तिसऱ्या लेव्हलला. जुनी पुरवणी नव्या नियमांत वापरताना पहिल्या लेव्हलच्या क्षमता तिसऱ्यावर ढकला.

छापील प्रत परदेशातून मागवली तर टपालखर्च पुस्तकाहून जड होऊ शकतो. पीडीएफ इथेच छापा. अमेरिकन लेटर कागद ए४ पेक्षा थोडा रुंद आणि आखूड असतो, तेव्हा झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज’ सांगा. नाहीतर कडेचे आकडे कापले जातात. ए५ आकाराचं ३२ पानी मॉड्यूल ए४ च्या आठ कागदांत बसतं: बुकलेट प्रिंट, दोन्ही बाजू, कागद आखूड कडेवर उलटा, मधोमध दोन पिना. मदरशिपची तीन भागांत दुमडायची पत्रकं एकाच कागदावर येतात. ती उलटी छापली गेली तर प्रिंटरमध्ये ‘लाँग एज’ निवडलेलं असतं.

हे सगळं झालं की एकही नियमपुस्तक विकत न घेता चाचणी घ्या. एसआरडी, केर्न, बेसिक फँटसी, मॉर्क बोर्गची साधी आवृत्ती आणि मदरशिपचं खेळाडूंचं पुस्तक पीडीएफमध्ये फुकट मिळतं. तयार कॅरेक्टर वाटा आणि एक स्वतंत्र मॉड्यूल तीन तास खेळवा. तयारीला किती वेळ गेला आणि खेळताना नियम शोधायला किती वेळा थांबावं लागलं, एवढं कागदावर लिहून ठेवा. मग दुसऱ्या सिस्टिमचं तेवढ्याच लांबीचं मॉड्यूल त्याच खेळाडूंसोबत खेळवा, आणि तयारी कमी लागली त्या सिस्टिमचं पुस्तक मागवा.