किनारपट्टीवर जुना गेमिंग लॅपटॉप कसा घ्यावा आणि कसा विकावा

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, मालवण या पट्ट्यात जुना गेमिंग लॅपटॉप हाती येण्याच्या वाटा साधारण ठरलेल्या आहेत. गावातलाच कुणीतरी इंजिनिअरिंग संपल्यावर विकायला काढतो, नाहीतर सणाला घरी येणारा चाकरमानी मुंबईहून घेऊन येतो. दोन्ही मशीनवर नाव एकच असलं तरी तब्येत एक नसते. आपल्याकडे लॅपटॉप पडवीला लागून असलेल्या खोलीत, उघड्या खिडकीशी चालतो आणि पावसाळ्याचे चार महिने ओलीत काढतो. साध्या लॅपटॉपपेक्षा गेमिंग लॅपटॉपचे पंखे जास्त हवा आत ओढतात, त्यामुळे खारी, दमट हवाही त्याच्याच पोटात जास्त जाते. म्हणून माझं सांगणं एवढंच, की स्टिकरवरचं नाव वाचून भाव ठरवू नका. मशीन तापवून बघा, आतला गंज बघा आणि मग भावाचं बोला.

१. आधी गेम ठरवा, मग कार्ड

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ एवढंच खेळायचं असेल, तर २०१९ मध्ये आलेलं ४ जीबीचं जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारी चिप) आजही चालून जातं. नवे, मोठे गेम खेळायचे असतील तर कार्डची मेमरी किमान ६ जीबी हवी, म्हणजे आरटीएक्स ३०६० किंवा ४०५०. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ३०५० बहुतेक वेळा ४ जीबीचं असतं. ताकद असूनही नव्या गेममध्ये मेमरी कमी पडते आणि चित्र अडखळतं.

इथे बरेच जण फसतात, कारण कार्डच्या नावाइतकेच त्याचे वॉट महत्त्वाचे असतात. लॅपटॉपचं आरटीएक्स ३०६० कंपन्यांनी ६० वॉटपासून ११५ वॉटपर्यंत बसवलं आहे. पातळ, देखण्या लॅपटॉपमधलं ३०६० आणि जाडजूड लॅपटॉपमधलं ३०६० यांच्या वेगात ठळक फरक पडतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये गेलं की ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ असा आकडा दिसतो. विकणाऱ्याला त्याचा स्क्रीनशॉट आधीच पाठवायला सांगा.

प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या मागचा नको. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्याहून जुन्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. शिवाय विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी) मागतं. सातव्या पिढीचं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्या.

२. फोनवरच विचारून घ्या

बिल आहे का? चार्जर मूळचा आहे का? कधी उघडून दुरुस्त केलाय का? आणि चिपळूण, महाड, खेड भागातलं मशीन असेल तर न लाजता विचारा, की जुलै २०२१ च्या पुरात ते कुठे होतं. वाशिष्ठी आणि सावित्रीचं पाणी तेव्हा किती घरांत, दुकानांत शिरलं ते सगळ्यांना माहीत आहे. जीटीएक्स १६५० वाले बरेच लॅपटॉप २०१९ ते २०२१ च्या दरम्यान घेतलेले आहेत. पाणी लागलेलं मशीन सुकवून सुरू होतं, वर्ष-दोन वर्षं चालतंही, आणि मग एके दिवशी मदरबोर्ड बसतो. खरं सांगणारा माणूस असेल तर तो लगेच सांगेल. उत्तर टाळलं, तर आपण काय ते समजायचं.

३. भेट कुठे

एसटी स्टँडवर किंवा रेल्वे स्टेशनबाहेर बाकावर व्यवहार करू नका. कारण सुरक्षेचं आहेच, पण त्याहून मोठं कारण तांत्रिक आहे. गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर असताना कार्डला पूर्ण वीज मिळतच नाही, त्यामुळे बॅटरीवर केलेली चाचणी ही चाचणीच नव्हे. विकणाऱ्याचं घर, नाहीतर ओळखीचं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान बरं. निदान तासभर लाईट राहील असा दिवस निवडा. वादळी पावसात जाण्यात अर्थ नाही.

चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. आरटीएक्स ३०६० वाल्या लॅपटॉपसोबत साधारण १८० ते २३० वॉटचा चार्जर येतो. त्याजागी १२० वॉटचा दुसराच कुठला चार्जर दिला जात असेल, तर गेम चालू असताना वेग पडेल किंवा चार्जिंगला लावूनही बॅटरी उतरत जाईल. मूळ चार्जर नवा घ्यायचा म्हणजे काही हजारांचा खर्च आहे, तो किमतीतून वजा करा.

एक स्थानिक गोष्ट. जुन्या घरात अर्थिंग नीट नसेल तर धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. लगेच लॅपटॉप खराब समजू नका. दुसऱ्या, अर्थिंग असलेल्या थ्री-पिन सॉकेटवर लावून बघा. तिथेही झिणझिण्या आल्या तर चार्जर संशयास्पद.

४. टॉर्च लावून अंग तपासा

या पायरीला वेळ द्या. मोबाईलचा टॉर्च लावून आधी खालच्या झाकणाचे स्क्रू बघा. सगळे काळे आणि एकच चमकता किंवा तांबूस असेल, तर मशीन उघडलं गेलंय. उघडणं गुन्हा नाही, सफाईसाठीही उघडतात. पण विकणारा ‘कधीच उघडला नाही’ म्हणाला असेल, तर त्याच्या बाकीच्या बोलण्याचाही विचार करावा लागतो.

मग यूएसबी आणि एचडीएमआयच्या खाचांत डोकवा. आतली पत्र्याची कड निरोगी असेल तर चकचकीत असते. खाऱ्या हवेत राहिलेल्या मशीनमध्ये तिथे तपकिरी ठिपके किंवा पांढरट पूड दिसते. बिजागरी पूर्ण उघडून सावकाश मिटवा. कुरकुर झाली किंवा स्क्रीनच्या कडेचं प्लास्टिक उचललं जात असेल, तर आतला स्क्रू गंजून निसटत चाललाय.

शक्य असेल तर खालचं झाकण उघडायला लावा. दुरुस्तीच्या दुकानात ते काम दहा मिनिटांचं आहे. पंख्याजवळच्या जाळीत लाल धूळ दिसेल. जांभ्याची ही बारीक माती दमट हवेत चिकटून बसते आणि जाळीवर गोधडीसारखा थर धरते. ती बघून घाबरू नका, ब्रशने निघते. तांब्याच्या नळीचा रंग मळकट तपकिरी झाला असेल तर तेही चालतं. मात्र रॅमच्या खाचेत, बॅटरीच्या कनेक्टरवर किंवा मदरबोर्डच्या बारीक पायांवर हिरवी-पांढरी पूड दिसली, तर तिथेच थांबा. सुकलेल्या गाळाची रेघ किंवा कुबट वास आला तरीही. थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून, पंखा साफ करून तापणारं मशीन सुधारता येतं. गंज मदरबोर्डवर उतरला की कितीही स्वस्त मिळालं तरी ते महागच पडतं.

सपाट टेबलावर ठेवून कोपरे दाबा. मशीन डुगडुगत असेल, टचपॅड वर आला असेल किंवा त्याचं क्लिक घट्ट झालं असेल, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी. गावच्या घरात पावसाळाभर बंद पडून राहिलेल्या किंवा कायम चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपमध्ये हे दिसतं. फुगलेली बॅटरी बदलल्याशिवाय ते मशीन वापरू नका, घरात चार्जिंगला तर मुळीच लावू नका.

५. अर्धा तास तापवा

एसी चालू असेल तर बंद करायला सांगा. खोलीचं तापमान जितकं वाढतं, जवळपास तितकंच मशीनचंही वाढतं. मे महिन्यात देवगडला तुमच्या खोलीत ते कसं वागेल, हे एसीत बसून कळणार नाही.

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर लावा आणि जड गेम सुरू करा. गेम नसेल तर फरमार्क हे कार्डवर ताण देणारं सॉफ्टवेअर चालवा. पाचव्या मिनिटाला एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या), कार्डचं तापमान आणि क्लॉक (कार्डचा वेग) लिहून ठेवा. पंचविसाव्या मिनिटाला पुन्हा लिहा. पहिली काही मिनिटं प्रत्येक मशीन छान पळतं, त्यामुळे खरा आकडा पंचविसाव्या मिनिटाचा.

कार्ड ७५ ते ८५ अंशांच्या आसपास स्थिर राहिलं तर उत्तम. प्रोसेसर अधूनमधून ९० च्या वर जाणं गेमिंग लॅपटॉपला नवीन नाही. पण कार्ड ८७ ला जाऊन तिथेच अडकलं आणि क्लॉक व एफपीएस उतरत गेले, तर सफाई आणि पेस्टचं काम निघालंय, तो खर्च भावातून काढा. स्क्रीनवर रंगीत चौकोन, ठिपके किंवा रेघा दिसल्या तर बहुधा कार्ड किंवा त्याची मेमरी गेली, मग भावाचं बोलणंच नको. कानही उघडे ठेवा. पंख्याचा मोठा आवाज चालतो, खरखर चालत नाही.

६. बाकीचं पटापट

कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ (powercfg /batteryreport) ही कमांड दिली की एक रिपोर्ट फाइल तयार होते, ती उघडली की बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दिसते. निम्म्यावर आली असेल तर नवी बॅटरी धरूनच हिशेब करा. क्रिस्टलडिस्कइन्फो एसएसडीची तब्येत सांगतं. स्क्रीन १४४ हर्ट्झची (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी) म्हणून सांगितली असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये खात्री करा. सगळी बटणं, कॅमेरा, वायफाय, हेडफोनची खाच तपासा. रॅमची एकच पट्टी असेल आणि दुसरी खाच रिकामी असेल, तर दुसरी पट्टी घातल्यावर गेमचा वेग बऱ्यापैकी सुधारतो. मात्र २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे आधीच १६ जीबी असलेलं मशीन थोडं जास्त देऊनही परवडतं.

७. भाव आणि कागद

विकणाऱ्याने किती हजारांना घेतला होता, हा हिशेब बाजूला ठेवा. त्याच ताकदीचा नवा, वॉरंटीसह लॅपटॉप आज कितीला मिळतो ते बघा. वॉरंटी संपलेल्या मशीनला त्या नव्याच्या किमतीच्या साठ टक्क्यांवर जाऊ नये, असं माझं मत आहे. किनाऱ्यावर राहिलेल्याला आणखी कमी. वर सांगितलेले बॅटरी, चार्जर, पेस्ट यांचे खर्च त्यातूनही वजा होतात.

बायोसमधला (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधला) सीरियल नंबर खालच्या स्टिकरशी आणि बिलाशी जुळवा. त्याच नंबरवरून कंपनीच्या साईटवर वॉरंटी कळते. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तशी शंका घ्यायला कारण असून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून साध्या कागदावर मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि दोन प्रती करा. ओळखीतला व्यवहार असला तरी करा, त्यात कुणी वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

विकायचा असेल तर

मेमध्ये काढा. पाऊस सुरू झाला की गिऱ्हाईक लांबून येत नाही, आणि न वापरता कपाटात पडलेलं मशीन ओल धरतं. काढायच्या आधी पंखा साफ करून पेस्ट बदलून घ्या. तापमानाचा स्क्रीनशॉट, बॅटरी रिपोर्ट आणि कार्डचे वॉट जाहिरातीतच द्या. ओरखडा असेल तर त्याचा फोटो टाका. समोरचा इतक्या लांबून येऊन वाद घालण्यापेक्षा आधीच कळलेलं दोघांच्या सोयीचं. सीरियल नंबर मात्र जाहिरातीत टाकू नका, प्रत्यक्ष भेटीत दाखवा.

डेटा बाहेर काढून झाला की स्टीम आणि बाकीच्या खात्यांतून बाहेर पडा, मायक्रोसॉफ्ट खात्यातून ते डिव्हाइस काढा आणि विंडोजमधून ‘रिसेट धिस पीसी’ चालवा. त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून ‘क्लीन डेटा’ हा पर्याय चालू करा. बायोसला पासवर्ड लावला असेल तर काढायला विसरू नका, नाहीतर घेणाऱ्याचा रात्री फोन येणारच.

पैशांच्या बाबतीत एकच नियम पाळा. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. ‘मी बदलीवर आहे, माझा माणूस लॅपटॉप न्यायला येईल, तुम्ही फक्त हा कोड स्कॅन करा’ असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवा. पैसे आल्याच्या मेसेजवर विश्वास न ठेवता बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा रक्कम बघा, मगच लॅपटॉप द्या. फसवणूक झालीच तर उशीर न करता १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर फोन जाईल, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.