म्हाताऱ्या उडायच्या आत

टोरोंटोला, स्कारबरोच्या आमच्या घरामागे ही वेल पहिल्यांदा कुंपणावर चढली, तेव्हा मी तिला हौसेने पाणी घातलं होतं, हे आधीच कबूल करते. इथे तिला डॉग स्ट्रँग्लिंग वाइन म्हणतात, मूळची युक्रेनकडची. समोरासमोर चकचकीत पानं, जूनमध्ये नखापेक्षाही बारीक, गुलाबी-तपकिरी फुलं. कूळ आपल्या रुईचं, आणि घात तिथेच होतो. मोनार्क फुलपाखराची अळी खाते फक्त मिल्कवीड हे इथलं रानरोप, तेही त्याच कुळातलं. मादी कधीकधी फसते आणि या वेलीवर अंडी घालते. अळ्या निघतात आणि उपाशी मरतात.

ओळखायला पान तोडा. रस्त्याकडेच्या मिल्कवीडला रुईसारखा पांढरा चीक येतो, वेलीला नाही. (नारिंगी फुलांच्या मिल्कवीडलाही नसतो, पण ते कुंपणावर चढत नाही.)

वेल ओढून उपटू नका. मी एक अख्खी दुपार उपटत बसले. खोडं मातीलगत तुटली आणि महिन्याभरात एकाच्या जागी तीन उभी! पाऊस पडून गेला की फावडं घ्या. खाली जाड पांढऱ्या मुळांचा झुपका आणि त्याच्या डोक्यावर कोंबांचे डोळे असलेला गड्डा असतो. तो सबंध निघाला पाहिजे. मुळांची टोकं राहिली तर राहू देत.

कापण्याआधी पानं उलटून बघा. टाचणीच्या डोक्याएवढं, उभ्या रेघांचं पांढुरकं अंडं दिसलं, तर मी तेवढं पान मिल्कवीडच्या पानाला कपड्यांच्या चिमट्याने लावते.

खणणं जमत नसेल तर निदान शेंगा धरू देऊ नका. ऑगस्टमध्ये त्या तडकतात आणि थेट रुईसारख्या म्हाताऱ्या उडतात. वाईला आम्ही त्यांच्यामागे धावायचो. इथे एक जरी हवेत दिसली तरी पोटात गोळा येतो. काढलेलं सगळं काळ्या पिशवीत घालून, तोंड बांधून, आठवडाभर उन्हात ठेवा आणि मग कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये अजिबात नको.

रिकाम्या जागी ऑक्टोबरमध्ये मिल्कवीडचं बी टाका. हिवाळा खाल्ल्याशिवाय ते नीट रुजत नाही. तोवर बरणीवर नाव लिहून ठेवा. चपटं, तपकिरी बी. आमच्या सुनेने जवस समजून चटणीसाठी भाजायला काढलं होतं.